गैरहजरांची संमती

आमच्या घरात ‘गृहीत’ हा शब्द बाबांच्याही तोंडी असे आणि आईच्याही, पण दोघांचा अर्थ वेगळा. बाबा मला गणित मराठीतून शिकवायचे, कारण ते स्वतः तसंच शिकले होते. जेवण झालं की टेबलावरची ताटं कोपराने बाजूला सारून ते पेन्सिल उचलायचे आणि म्हणायचे, “गृहीत धरू, की क्ष ही संख्या सम आहे.” शाळेत हेच इंग्रजीतून कानावर पडे, पण बाबांच्या वाक्यात मला जास्त भरवसा वाटायचा. खोटं ठरलं तर परत मागे येता येईल, असा एक प्रामाणिकपणा त्या ‘धरू’मध्ये होता. आणि नेमक्या त्याच वेळी आई सिंकपाशी उभी राहून म्हणायची, “ती ताटं उचलायला मला गृहीत धरू नका.” बाबा हसायचे, ताटं उचलायचे नाहीत. आई पाच मिनिटांनी स्वतःच उचलायची.

कॉव्हेंट्रीतलं आमचं ते घर एका लांब ओळीतलं मधलं होतं. पुढच्या खोलीत गॅसची शेगडी सू-सू करत जळायची आणि तिच्यापासून दोन हातांवर थंडी सुरू व्हायची. रविवारी कुकरच्या शिट्ट्यांनी स्वयंपाकघराच्या काचा घामेजून जात, आणि त्या धुरकट काचेतून पलीकडच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या मिसेस लिंडे दिसत. बाबा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, रजिस्ट्रार. म्हणजे दर काही वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट संपायचं आणि पुढची नोकरी कोणाच्या तरी शिफारशीवर मिळायची. आई बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे घरासाठी कर्ज देणाऱ्या पतपेढीत, काउंटरवर बसायची. घरात भांडण झालं की ती म्हणे, “भूल द्यायची सवयच आहे तुम्हाला. समोरचा गप्प झाला की तुम्हाला वाटतं, बरा झाला.”

मिसेस लिंडेंना सगळी गल्ली डच समजत होती. त्यांचा नवरा वारला होता, मूल नव्हतं, आणि त्या कुणात मिसळत नसत. आईची त्यांच्याशी ओळख झाली ती कोबीमुळे. एका संध्याकाळी कुंपणापलीकडून वास आला आणि आई हातातलं लाटणं तसंच धरून मागच्या दारात गेली. “ही बाई कोबीत शहाजिरं घालते,” ती आत येऊन म्हणाली, जणू भावकीतलं कोणी सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी आपली कोबीची भाजी तिने वाटीभर पाठवली. वाटी धुऊन परत आली ती सफरचंदाच्या केकचा तुकडा घेऊन, आणि मग पुढची कितीतरी वर्षं ती वाटी कुंपणावरून जात-येत राहिली. मी ने-आण करायची. मिसेस लिंडे केक कापताना मला शाळेतलं विचारायच्या आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायच्या नाहीत. मोठ्या माणसांत हे मला फार कमी वेळा भेटलं होतं.

मी सोळा-सतरा वर्षांची असताना इतिहासाला आम्हाला जर्मनी होता, दोन युद्धांमधला. आमच्या बाईंनी तिथल्या निवडणुकांचा एक तक्ता वाटला, आणि मला आकड्यांची आवड असल्याने मी तो आलेखाच्या कागदावर काढून पलंगाच्या वर चिकटवला. ज्या पक्षाने पुढे सगळं गिळलं त्याच्या जागा आधी बारा. बेकारी वाढल्यावर एकशे सात. मग दोनशे तीस. इथवर समजत होतं. पण त्यानंतरच्या निवडणुकीत त्या जागा उतरून एकशे शहाण्णव झाल्या होत्या, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यांचा पुढारी चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख. मी पट्टी लावून पुन्हा पुन्हा बघितलं. रेघ खाली जात होती आणि माणूस वर जात होता. आपल्या हातून टिंब चुकलंय असं मला वाटलं. मी तो कागद बाबांना दाखवला.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “अगं, मेजॉरिटी कोणालाच नसेल. मग काय करणार? रोजची भांडणं. कोणीतरी कडक माणूस लागतोच अशा वेळी. शिस्त लागते. आपल्याकडे आणीबाणीत गाड्या कशा वेळेवर धावत होत्या—”

“तुम्ही कुठल्या गाडीत बसला होतात?” आईने विचारलं. “आणीबाणीत तुम्ही इथे होतात. बसची वाट बघत.”

“माझ्या भावाने लिहिलं होतं.”

“त्यांनी हेही लिहिलं होतं की शेजारचे मास्तर घरी परत आले नाहीत. ते नाही वाटतं लक्षात राहिलं.”

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि तो कागद मला दिला. म्हणाले, “तुझी रेघ बरोबर आहे. कारण मला माहीत नाही.” हे ते म्हणू शकत, म्हणून मला ते आवडत.

मी कागद वाटीबरोबर पलीकडे नेला. मिसेस लिंडेंनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितला. मग विचारलं, “तुझ्या बाईंनी संसद किती दिवस भरली ते दिलंय का?” दिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “ते शोध.” मी लायब्ररीत जाऊन शोधलं. शेवटून दुसऱ्या वर्षी संसद एक्केचाळीस दिवस बसली होती आणि शेवटच्या वर्षी तेरा. कायदे तरीही होत होते, कारण राष्ट्राध्यक्षाला संकटकाळात वटहुकूम काढायची सोय घटनेतच होती. संकट आधी क्वचित असे, मग ते रोजचं झालं. मी परत गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “बघ. तू एका पक्षाची रेघ काढलीस. दुसरी रेघ ही आहे. दोनशे तीस लोक एका दिवशी येऊन दार फोडतात, असं काही झालं नाही. दार कोणी वापरतच नव्हतं. मग जे बडे लोक आत उरले होते त्यांना वाटलं, याच्या मागची माणसं आपल्याला उपयोगाची आहेत. याला आत घेऊ, खुर्ची देऊ, चारी बाजूंनी आपण बसू.” मिसेस लिंडे त्या माणसाचं नाव कधीच घेत नसत, म्हणून मीही इथे घेत नाही. नंतर माझ्या निबंधावर बाईंनी ‘एवढं कुठून सुचलं?’ असं लिहिलं. मी सांगितलं, शेजारच्या डच बाईंकडून.

आता मंडळाविषयी सांगायला हवं. शहरात आम्ही मराठी माणसं मोजकी होतो, आणि मंडळाचे सभासद म्हणजे मोठी माणसं शहाण्णव. गणपती, संक्रांत, दिवाळीचा फराळ, आणि दर रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मुलांचा मराठीचा वर्ग. अध्यक्ष डॉ. मिराशी, आमचे मिराशीकाका. ते बाबांच्याच हॉस्पिटलात कन्सल्टंट, म्हणजे बाबांच्या वरचे डॉक्टर होते. आम्ही या देशात उतरलो तेव्हा विमानतळावर तेच घ्यायला आले होते, घर त्यांनीच शोधून दिलं, मला गोवर झाला तेव्हा बर्फातून चालत आले. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण ते खरं आहे आणि पुढचंही खरं आहे. मंडळाला एका गोष्टीचा फार अभिमान होता. स्थापनेपासून तिथे कधी मतदान झालं नव्हतं. प्रत्येक निवड बिनविरोध, प्रत्येक ठराव बिनविरोध. वार्षिक अंकात ते ठळक अक्षरांत छापत. कुणी दोन नावं सुचवली तर चार जण त्यांच्या घरी जाऊन चहा पीत आणि एक नाव मागे घेतलं जाई. लंडनला, वेम्बलीकडे, आपली माणसं कशी भांडतात याच्या गोष्टी सांगून आमची माणसं मिटक्या मारत.

वर्ग चालवायची ती सुमनमावशी. आईची मैत्रीण, हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर, एकटी राहणारी, उंच, मोठ्या आवाजाची. आज मी हे मराठीत लिहिते आहे ते तिच्यामुळे. इथे वाढलेल्या आम्हा मुलांना ‘तो टेबल’ की ‘ते टेबल’ हे कळायचं नाही, ती म्हणायची, “चुका, पण मोठ्याने चुका. पुटपुटलेलं मला दुरुस्त करता येत नाही.” माझ्यासारख्या मोठ्या मुलींना तिने लहानांना शिकवायला लावलं होतं. तो वर्ग म्हणजे तिचं घर होतं असं म्हटलं तरी चालेल. दुसरं माणूस तिच्या घरात नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमच्या लोकांवर हल्ले व्हायला लागले. दोन घरांच्या काचा फुटल्या. वर्गात येणाऱ्या एका मुलाला बस स्टॉपवर चौघांनी इतकं मारलं की त्याचा एक कान कायमचा गेला. त्याला वॉर्डात सुमनमावशीनेच घेतलं. पुढच्या रविवारी तिने वर्गातल्या मोठ्या मुलांना सांगितलं की शहरातले पंजाबी, गुजराती, युनियनवाले गोरे मिळून मोर्चा काढताहेत, ज्यांना यायचंय त्यांनी आई-बापांना विचारून यावं. आम्ही सात जण गेलो. मला आईने पाठवलं. बाबा ड्युटीवर होते. काही वाईट घडलं नाही. थंडीत चाललो, घोषणा दिल्या, परत आलो. पण स्थानिक पेपरात फोटो आला, आणि त्यात आम्ही बरोबर नेलेली वर्गाची पाटी, मंडळाच्या नावासकट, दिसत होती.

मिराशीकाका एका शनिवारी दुपारी आमच्याकडे आले. येताना वेम्बलीहून आणलेल्या बाकरवडीचा पुडा आणला होता. सोफ्यावर टेकून ते बाबांना म्हणाले, “विनायक, हे बघ. आपण इथे पाहुणे. पाहुण्याने आवाज चढवायचा नसतो. पोलिसांत माझी ओळख आहे, मी शांतपणे बघतो सगळं. पण उद्या कोणी उठून मंडळाच्या नावावर मोर्चे काढले तर मी कोणाकोणाला आवरू? समितीत दहा तोंडं. म्हणून ठराव आणतोय. परिस्थिती निवळेपर्यंत समिती स्थगित, घटना स्थगित, सगळे निर्णय अध्यक्षांकडे. अनुमोदन तुझं ठेवलंय.”

“ठेवलंय म्हणजे?” आईने विचारलं.

“सभेच्या पत्रिकेत छापून झालंय, वहिनी.” ते हसले. “विनायक काय नाही म्हणणार आहे?”

चहा झाला. कोट घालता घालता ते बाबांना म्हणाले, “तुझं जूनमध्ये संपतंय ना? ब्रिस्टलला पोस्ट निघतेय. तिथला हेड माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. बघू.” एवढंच. धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. मी ते वाक्य नंतर अनेकदा मनात तपासलं. प्रत्येक शब्द चांगुलपणाचा होता.

दार लागल्यावर आई म्हणाली, “सुमनचा वर्ग बंद करणार तो. तुम्हाला कळतंय ना?”

“तसं ठरावात नाहीये.”

“ठरावात काहीच नाहीये. म्हणून तर.”

“मग काय करू? नाही म्हणू? आणि जूनमध्ये? घराचे हप्ते, हिची युनिव्हर्सिटी...” बाबांचा आवाज कधी चढत नसे. तो तेव्हाही चढला नाही, उलट इतका बारीक झाला की मला शेगडीचा आवाज जास्त ऐकू यायला लागला. “मी आत असलो तर मिराशीला सांगता तरी येईल, वर्गाला हात लावू नकोस म्हणून. बाहेर राहून काय सांगणार?”

त्या आठवड्यात मी इतिहासाचं शेवटचं प्रकरण वाचत होते. संसद जळाल्यावर ती एका ऑपेरा हाउसमध्ये भरली आणि तिथे एक कायदा झाला, की यापुढे सरकारने संसदेशिवाय कायदे करावेत. त्याला दोन तृतीयांश मतं लागत होती. बाजूने चारशे चव्वेचाळीस, विरोधात चौऱ्याण्णव. पण त्या पक्षाच्या जागा, सगळी दहशत घालूनही, दोनशे अठ्ठ्याऐंशीच होत्या. मला पुन्हा बेरीज जुळेना. मी पलीकडे गेले. मिसेस लिंडे ओट्यावर सफरचंदं सोलत होत्या. मी विचारलं, “ही वरची मतं कोणाची?”

त्यांनी सुरी ठेवली नाही. “त्यातलं एक माझ्या वडिलांचं,” त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सांगितलं, की त्या डच नाहीत. ज्या शहरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले त्या शहरात जर्मन म्हणून राहणं शक्य नव्हतं, आणि गल्लीतल्या कोणीतरी चुकून डच म्हटलं ते त्यांनी दुरुस्त केलं नाही. वडील वकील होते, मधल्या पक्षांपैकी एकाचे खासदार. त्या पक्षांना हा माणूस नको होता. पण ऑपेरा हाउसच्या बोळांतून गणवेशातली पोरं दोन रांगा करून उभी होती, आणि आत गेल्यावर बरेच जण दिसतच नव्हते. काही तुरुंगात, काही लपलेले. “न येणाऱ्यांनी गैरहजेरीने सभा मोडू नये म्हणून सरकारने आधी नियम बदलला,” त्या म्हणाल्या. “परवानगीशिवाय जो आला नाही तो हजर धरायचा. तुरुंगात होता तोही हजर.” वडिलांच्या गोटात दुपारभर वाद झाला. वरून निरोप आला, की तुमच्या चर्चच्या शाळा, तुमची न्यायालयं, तुमच्या नोकऱ्या यांना हात लावणार नाही, तसं पत्र लिहून मिळेल. मतदानाची वेळ आली तरी पत्र आलं नव्हतं. निरोप्या म्हणाला, टाईप होतंय.

“ते अजून टाईप होतंय,” मिसेस लिंडे म्हणाल्या.

वडील घरी आले, दोन वाट्या सूप प्यायले आणि बायकोला म्हणाले, वाईटातलं वाईट टाळलं. आत राहिलो तर काहीतरी वाचवता येईल. उन्हाळ्यापर्यंत त्यांचा पक्ष स्वतःच विसर्जित झाला. मिसेस लिंडेंच्या आईचे आई-वडील ज्यू होते, म्हणून मग वडिलांची वकिली गेली. एका सकाळी त्यांना नेलं, काही महिन्यांनी परत आणून सोडलं. त्यानंतर ते फारसे बोलले नाहीत आणि युद्धाआधीच गेले. मिसेस लिंडे घरकामाची मोलकरीण म्हणून या देशात आल्या. आई तिथेच राहिली. तिचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी घरी येऊन हे सगळं बाबांना सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, “मृणू, मंडळ म्हणजे जर्मनी नाही गं.”

ते बरोबर होते. आज इतक्या वर्षांनी मी हे लिहिताना तेच वाक्य समोर ठेवून लिहिते आहे. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये कोणी कोणाला तुरुंगात टाकणार नव्हतं, कोणी मरणार नव्हतं. लहान गोष्टीला मोठ्या गोष्टीचं माप लावणं हा मोठ्या गोष्टीतल्या मेलेल्यांचा अपमान आहे. माझी नोकरी विमानाच्या सुट्या भागांच्या मापातली तफावत तपासण्याची, त्यामुळे हे मला इतरांपेक्षा जास्त टोचतं. पण त्याच नोकरीत हेही शिकले, की मोठ्या भागात जाणारा तडा आणि छोट्या भागात जाणारा तडा एकाच तऱ्हेने सरकतो.

सभा रविवारी दुपारी झाली. हॉलमध्ये फरशीच्या पॉलिशचा आणि बटाटेवड्यांचा मिळून एक वास होता. मी मागे चहाच्या मोठ्या किटलीपाशी कप मांडत होते आणि कप किती लागतील म्हणून डोकी मोजली होती. हजर सभासद एक्कावन्न होते. घटनेत बदल करायला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश मतं लागत, म्हणजे चौसष्ट. मी मनात म्हटलं, होतच नाही. मला एकदम हलकं वाटलं. बाबांना हात वर करू दे. ठराव होणारच नाही, वर्ग राहील, आणि ब्रिस्टलही मिळेल.

मिराशीकाका चांगले बोलले. कान गेलेल्या मुलाबद्दल बोलताना त्यांनी हातातला कागद खाली ठेवला, आणि ते मनापासून होतं. मग बाबा उठले, “माझं अनुमोदन आहे,” एवढं म्हणून बसले. सुमनमावशी उभी राहिली.

“मुदत किती?”

“परिस्थिती निवळेपर्यंत.”

“आणि निवळली हे कोण ठरवणार?”

“अध्यक्ष,” पुढून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. त्या जर्मन कायद्याला कागदावर निदान चार वर्षांची मुदत होती.

“सिस्टर, हा तुमचा वॉर्ड नाही,” दुसऱ्या एकाने टोमणा मारला.

“वॉर्ड असता तर मी आधी पेशंट मोजले असते,” ती म्हणाली. “चौसष्ट माणसं कुठायत इथे?”

मिराशीकाका चिडले नाहीत. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “जे आले नाहीत त्यांचा विरोध असता तर ते आले असते. तेव्हा गैरहजर सभासदांची संमती गृहीत धरू.” टाळ्या पडल्या. बाबांचाच शब्द होता तो.

“विरोध असेल त्यांनी हात वर करावा.”

सुमनमावशीने हात वर केला. मिराशीकाका म्हणाले, “सिस्टर, ठरावाचा तुमच्या वर्गाशी संबंध येतो. तुम्हाला मत देता येणार नाही, नियमाला धरून होणार नाही.” घटना स्थगित करणाऱ्या सभेत नियम एवढ्यापुरता जिवंत होता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत आणखी एक हात वर गेला. तो आईचा होता.

“वहिनी, तुमच्या घरचं मत डॉक्टरांनी दिलं,” काका हसून म्हणाले. “एका घराचं एक.”

मी आजही त्या हिशोबाशी अडते. शहाण्णवांत आई धरली होती. ज्या बायका आल्या नव्हत्या त्यांची संमतीही एकेक करून धरली होती. विरोध करायची वेळ आली तेव्हाच घर मोजायचं ठरलं. आई उभी राहिली. “मी वेगळी सभासद आहे,” ती म्हणाली. “मला गृहीत धरू नका.” घरातलं वाक्य हॉलमध्ये ऐकून कोणीतरी खुसखुसलं, एका काकूंनी “घरी बोला गं नवऱ्याशी” म्हणून घेतलं, आणि सगळेच हसले. बाबांनी मान वर केली नाही. त्यांनी फक्त तिच्या साडीचा पदर धरला आणि हळूच म्हणाले, “नलू, बस. प्लीज.” हात थोडा वेळ वर राहिला. मग आई बसली.

“ठराव बिनविरोध मंजूर,” मिराशीकाका म्हणाले. लोक चहाला उठले.

पुढच्या रविवारी हॉलच्या दाराला नवं कुलूप होतं. मुलं कंपास पेट्या घेऊन पायऱ्यांवर उभी होती आणि सुमनमावशी त्यांना सांगत होती की आज तिच्या घरी बसू. बसलो. नंतर एकेका घरातून निरोप यायला लागले, मुलाला स्विमिंग आहे, मुलीला पियानो आहे. बाबा मिराशीकाकांना वर्गाबद्दल एकदा भेटून आले. काका म्हणाले, बघू, निवळू दे. ईस्टरपर्यंत वर्गात दोन मुलं होती आणि मी. मग ती दोनही आली नाहीत. समिती पुन्हा कधी बसल्याचं मला आठवत नाही. मिराशीकाका मरेपर्यंत अध्यक्ष होते. मिसेस लिंडेंना मी सभेचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “ठरावाच्या बाजूचे हात कोणी मोजले?” मी म्हटलं, कोणीच नाही, फक्त विरोधाचे विचारले. त्यांनी मान हलवली आणि खिडकी लावून घेतली.

मिसेस लिंडेंच्या वडिलांना पत्र मिळालं नाही. बाबांना मिळालं. शिफारस उत्तम होती, ब्रिस्टलची नोकरी लागली, आणि या शहरातलं आमचं पुढचं सगळं, माझं शिक्षण, नोकरी, हे घर, त्यावर उभं आहे. हल्ली आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी लिहितं की देशाला एक खमका माणूस हवा, हा असो की तो, आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. मी त्या अंगठ्यांकडे बघते. जे काहीच टाकत नाहीत ते किती, हे त्यात दिसत नाही. कौन्सिलच्या निवडणुकीत मी मतमोजणीला जाते. मतपत्रिका एकेक उलगडून, दोन माणसांनी वेगवेगळं मोजून, जुळलं नाही तर पुन्हा. शेजारची मुलगी कंटाळते. मी कंटाळत नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी सामानाची व्हॅन पुढे गेली होती. बाबांनी गाडी सुरू केली होती आणि मी मागे उशांच्या मध्ये बसले होते. सुमनमावशी ड्युटीवरून थेट आली, युनिफॉर्मवर कार्डिगन. सभेनंतर ती आमच्या घरी आली नव्हती. आईने काच खाली केली आणि म्हणाली, “ये ना गं ब्रिस्टलला. राहायला ये.”

सुमनमावशीने खिडकीवर दोन्ही हात ठेवले. बाबांकडे तिने बघितलंच नाही.

“नलू, ह्यांचं मी समजू शकते,” ती म्हणाली. “ह्यांना नोकरी होती. माझा हात त्यांनी मोजलाच नाही, तेही ठीक. पण तू उभी राहिली होतीस. मला वाटलं, आता आपण दोघी आहोत. तू खाली का बसलीस?”

आई समोरच्या काचेकडे बघत होती आणि तिची मान हलकी हलकी हलत होती, हो म्हणत होती की नाही, ते मागून कळत नव्हतं. बाबांनी इंजिन बंद केलं, मग परत सुरू केलं. सुमनमावशीने आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली, हात काढून घेतले आणि मागे सरकली.

“निघा आता,” ती म्हणाली. “बर्मिंगहॅमपाशी ट्रॅफिक लागेल.”